छंदातून स्वपरिचय : आंतरजालावरील एका ओळख-पद्धतीचे विवेचन

प्रस्तावना

२०२० साली टाळेबंदीमुळे महाविद्यालयांचे वर्ग ऑनलाइन भरू लागले, तेव्हा प्रथम वर्षाचे विद्यार्थी आणि अध्यापक यांची पहिली भेट पडद्यावरच झाली. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात बहुतेकांचे कॅमेरे बंद होते. दिसत होती ती केवळ नावे, आणि तीही आडनावांसह. प्रत्येकाने आपली ओळख लिहून द्यावी असे सांगितल्यावर विद्यार्थ्यांनी नाव, गाव व बारावीचे गुण लिहिले आणि 'छंद' या शब्दापुढे वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट यांपैकी एक-दोन गोष्टी नोंदविल्या. तास संपला तेव्हा एका विद्यार्थ्यास दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येईल असे काहीही हाती आलेले नव्हते. दोष अर्थातच विद्यार्थ्यांचा नव्हता. प्रश्नच तसा होता.

दीर्घकाळ जोपासलेला छंद अथवा विशेष रुची हीच आपली पहिली ओळख म्हणून आंतरजालावर मांडण्याची पद्धत कशी रूढ झाली, ती कोणास उपयुक्त ठरली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. छंदाचे नाव सांगणे आणि छंदातून जे घडले ते दाखविणे या दोन भिन्न गोष्टी असून, परिचयाचे कार्य दुसरीच गोष्ट करते, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

परिचयाची परंपरागत चौकट

आपल्याकडे स्वतःची ओळख करून देणे म्हणजे प्राधान्याने स्वतःचे स्थान सांगणे होय. पारंपरिक अभिवादनविधीत गोत्र, प्रवर, सूत्र, शाखा यांचा उच्चार करून मग स्वतःचे नाव सांगावयाचे असते. ज्यांचा त्या विधीशी संबंध नव्हता त्यांनाही गावात 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न चुकलेला नाही. आजही आडनाव आणि गाव विचारण्यामागे पुष्कळदा जात जाणून घेण्याचा हेतू असतो, हे आपण सर्व जाणतो. तथापि बोलून दाखवीत नाही. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. विवाहानंतर आडनाव, गाव आणि काही घरांत नावही बदलत असल्यामुळे त्यांचा परिचय आयुष्याच्या मध्यावर तुटतो. लहानपणापासून जोपासलेली एखादी आवड मात्र त्या बदलातूनही टिकून राहू शकते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दैनंदिन जीवनातील स्व-सादरीकरणाचे विवेचन रंगभूमीच्या परिभाषेत केले. त्यातील एक भेद येथे विशेष उपयोगी आहे. माणूस काही गोष्टी स्वतःविषयी हेतुपूर्वक सांगतो, तर काही गोष्टी त्याच्या वागण्यातून आपोआप प्रकट होतात. आणि समोरचा मनुष्य पहिल्या प्रकाराची पारख दुसऱ्याच्या आधारे करीत असतो. 'मला पक्ष्यांची आवड आहे' हे विधान पहिल्या प्रकारचे होय. बोलता बोलता खिडकीबाहेरचा आवाज ऐकून 'तांबट' असे सहज म्हणणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

छंद, नाद आणि व्यासंग

संस्कृतमधील 'छन्द' या शब्दाचा एक अर्थ इच्छा अथवा आवड असा आहे. मराठीत त्याभोवती शब्दांचे एक कुटुंबच उभे राहिले. छंद लागतो तसा नादही लागतो. पण 'नादी लागणे' म्हटले की त्यात वडीलधाऱ्यांची नापसंती आली. 'वेड' हा शब्द निंदा व कौतुक दोन्हींसाठी चालतो. 'व्यासंग' मात्र आपण विद्वानांसाठी राखून ठेवला आहे. कृती तीच असली तरी ती कोण करतो यावर शब्द ठरतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८० च्या दशकापासून 'गंभीर विरंगुळा' ही संकल्पना मांडली. करमणुकीपुरता विरंगुळा आणि वर्षानुवर्षे चिकाटीने, कौशल्य मिळवीत व अडचणी सोसत चालविलेला विरंगुळा यांत त्यांनी भेद केला. दुसऱ्या प्रकारचे एक लक्षण असे की, त्यात गुंतलेली व्यक्ती स्वतःची ओळख त्या छंदावरूनच सांगू लागते.

याचे आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). व्यवसायाने ते चष्म्याचे दुकानदार होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा घरगुती वापराच्या वस्तू त्यांनी अनेक दशके देशभर हिंडून जमविल्या. अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहालयातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात आहे. केळकरांच्या शिक्षणाविषयी वा घराण्याविषयी काहीही माहीत नसलेला मनुष्य अडकित्त्यांच्या दालनात अर्धा तास उभा राहिला, तर त्यास त्यांची दृष्टी कळते. संग्रह हाच येथे परिचय झाला आहे. मात्र त्यासाठी पुण्यास जावे लागते.

आंतरजालाने काय बदलले

आंतरजालाने ही अट बऱ्याच अंशी दूर केली. प्रारंभीच्या यूजनेटवरील चर्चागटांची रचना व्यक्तीनुसार नसून विषयानुसार होती. १९८७ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत छंद व मनोरंजन यांसाठी 'रेक' हा स्वतंत्र विभागच निर्माण झाला. तेथे येणारा मनुष्य आधी पक्षिनिरीक्षक वा शिवणकाम करणारी असे, आणि मग कोणी अन्य.

२००४ साली सुरू होऊन ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालेले ऑर्कुट भारतात विलक्षण लोकप्रिय होते. त्याने हा क्रम उलटविला. आधी व्यक्ती, मग तिने भरावयाचा तक्ता आणि त्यात आवडती पुस्तके, संगीत, चित्रपट व खेळ यांचे रकाने, अशी ती मांडणी होती. रकाना आला की तो भरला जातो, आणि भरताना माणूस शेजाऱ्याचा पाहतो. परिणामी आवडींच्या याद्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. आपल्या वधूवर-परिचयपत्रांतील 'छंद' या ओळीचे जे झाले तेच येथेही झाले.

याउलट ज्या ठिकाणी छंदाची नोंद ठेवली जाते तेथे काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ साली 'ई-बर्ड' हा उपक्रम सुरू केला. निरीक्षकाने येथे आवड सांगावयाची नसते. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, किती अंतर चालून कोणते पक्षी किती संख्येने पाहिले, हे भरावयाचे असते. शिवाय, ओळखता आलेले सर्व पक्षी आपण नोंदविले आहेत काय, असा एक प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न कळीचा आहे. कारण यादी पूर्ण असेल तर एखाद्या पक्ष्याची अनुपस्थितीही माहिती ठरते. असाधारण नोंद आढळल्यास त्या प्रदेशातील जाणकार स्वयंसेवक पुरावा मागतात. अशा याद्या साचत जातात आणि निरीक्षकाच्या नावापुढे त्याने काय पाहिले याचा आलेख तयार होतो. तो रोज सकाळी त्याच तळ्यावर जातो की दुर्मीळ पक्ष्यांमागे राज्यभर धावतो, कावळा-चिमणी मोजण्याचा त्यास कंटाळा आहे की नाही, हे न सांगता कळते. गॉफमन यांच्या भाषेत, आपोआप प्रकट होणारा भागच येथे पुढे येतो.

या नोंदींचे मोल केवळ वैयक्तिक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेण्यात आला. तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. हे सर्वच व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हेत.

मराठी विकिपीडिया (आरंभ १ मे २००३) येथेही असाच दुहेरी परिचय आढळतो. सदस्याने आपल्या पानावर स्वतःविषयी लिहावे किंवा ते कोरे ठेवावे. परंतु त्याने केलेल्या प्रत्येक बदलाची दिनांकवार यादी कोणासही पाहता येते. सदस्यपान कोरे असलेला एखादा मनुष्य वर्षानुवर्षे केवळ किल्ल्यांवरील लेखच सुधारीत असेल, तर त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

'विशेष रुची' आणि स्वमग्नता

'विशेष रुची' या संज्ञेस एक वैद्यकीय पूर्वेतिहास आहे आणि अध्यापकांनी तो जाणून घेणे आवश्यक वाटते. लिओ कॅनर (१९४३) व हान्स आस्पर्गर (१९४४) यांनी ज्या मुलांचे वर्णन केले त्यांच्यात मर्यादित विषयांतील तीव्र गुंतवणूक हे एक लक्षण नोंदविले गेले. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतही ते निकष म्हणून कायम आहे. अर्थात वर्णनाचा रोख उणिवेकडे होता. २००५ साली मरे, लेसर व लॉसन यांनी निराळी मांडणी केली. त्यांच्या मते अशा व्यक्तींचे अवधान थोड्याच विषयांत, परंतु फार खोलवर गुंतते, आणि इतर अडचणींचा उलगडा त्यावरूनच करता येतो.

या व्यक्तींना लिखित, आंतरजालीय संवाद का सोयीचा वाटू शकतो हे समजणे कठीण नाही. नजरेला नजर देण्याची सक्ती नसते, उत्तरास अवधी मिळतो आणि हवापाण्याच्या गप्पा टाळून थेट विषयावर येता येते. रेल्वेच्या वेळापत्रकाविषयी तासभर बोलू शकणारा जो तरुण वर्गात अबोल म्हणून ओळखला जातो, तो समरुची मंडळींत जाणकार ठरतो. 'स्वमग्नता' हा आपला प्रतिशब्द येथे काहीसा अपुरा वाटतो. तो तरुण स्वतःत नव्हे, रेल्वेत मग्न असतो. तथापि दोन पथ्ये पाळावयास हवीत. प्रत्येक छांदिष्टास या चौकटीत बसविणे चूक आहे, आणि निदान जाहीर करावे की नाही हा सर्वस्वी त्या व्यक्तीचा अधिकार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये स्वमग्नतेचा मान्य दिव्यांगत्वांत समावेश आहे, म्हणून वर्गात त्याची वाच्यता करण्याची मुभा अध्यापकास मिळत नाही.

मर्यादा

नोंदीतून होणाऱ्या परिचयात धोकेही आहेत. रोज सकाळी साडेसहाला त्याच टेकडीवर केलेली नोंद पक्ष्यांप्रमाणे निरीक्षकाचाही ठावठिकाणा सांगते. एकट्या हिंडणाऱ्या स्त्रीस ही बाब क्षुल्लक नाही. ई-बर्डवर नाव झाकण्याची सोय आहे, आणि शिकार वा पकड यांमुळे धोक्यात असलेल्या काही प्रजातींची नेमकी ठिकाणेही तेथे जाहीर केली जात नाहीत. पक्ष्यांविषयी जी दक्षता घेतली जाते ती स्वतःविषयी घेण्यास नवे सदस्य बहुधा विसरतात. दुसरी अडचण मार्विक व बॉइड यांनी २०११ साली विशद केली. आंतरजालावर मित्र, वरिष्ठ, नातेवाईक हे निरनिराळे श्रोते एकाच वेळी समोर असतात, आणि एकापुढे मांडलेला परिचय दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. नाटकवेडी मुलगी आपले वेड मोकळेपणी लिहीत नाही, याचे कारण पुष्कळदा तेथे काकाही असतात.

परंतु सर्वांत मोठी मर्यादा यापेक्षा वेगळी आहे. छंदामुळे जातिवर्गाची ओळख मागे पडते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि रविवारची मोकळी सकाळ सर्वांस उपलब्ध नसते. त्याहून महत्त्वाचे असे की, छंद म्हणून काय मोजावयाचे हे आधीच ठरलेले आहे. मेंढ्यांच्या कळपातील प्रत्येक जनावर चेहऱ्यावरून ओळखणारा मुलगा, वारीच्या वाटेवर पखवाज शिकलेला मुलगा, गोधडीच्या टाक्यांचे प्रकार आजीकडून आत्मसात केलेली मुलगी यांना प्रवेश-अर्जातील 'छंद' या रकान्यात काय लिहावे हे सुचत नाही. ते 'वाचन' असे लिहितात. काम आणि छंद यांतील ही रेघ ज्यांचे काम कार्यालयात संपते त्यांनी ओढलेली आहे. व्यासंग हा शब्द आपण कोणासाठी राखून ठेवला, याचा उल्लेख वर आलाच आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या वर्गात पुढील आठवड्यात प्रश्न बदलला. 'छंद' हा शब्द गाळून, 'लहानपणापासून तुम्ही करीत आलेल्या आणि अर्धा तास न थांबता सांगू शकाल अशा एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहा' असे सांगितले. काही उत्तरे पूर्ववत आली. अनेक आली नाहीत. नेटवर्कची अडचण होती आणि बहुधा संकोचही असावा. एका विद्यार्थ्याने मात्र दहाऐवजी तीसेक ओळी लिहिल्या. बैलास वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. त्यावरून आदत, दुसा, चौसा आणि शेवटी जुळलेला असे वय ठरते. बाजारात विकणारा काय लपवितो आणि घेणाऱ्याने तोंड कसे उघडावे, हे सर्व त्यात होते. हे ज्ञान त्यास वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारात जाऊन मिळाले होते. त्याच्या आदल्या आठवड्याच्या परिचयात 'छंद : क्रिकेट पाहणे' असे होते. वर्गातील पशुपालक घरांतील दोघा-तिघांनी त्याखाली लगेच शंका विचारल्या. एकीने गायीच्या शिंगांवरील वळ्यांवरून वेतांचा अंदाज कसा बांधतात ते लिहिले, आणि त्या दिवशीचा तास ठरल्या वेळेनंतरही वीस मिनिटे चालला.