पराभूतांच्या नावाने उभे असलेले राजाचे किल्ले

दक्षिण फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राकाठच्या पोर-ला-नूव्हेल या बंदरगावापासून पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या फ्वा या नगरापर्यंत सुमारे २५० किलोमीटरची पायवाट जाते. द्राक्षमळे, चुनखडीचे उघडे डोंगर, रानटी रोझमेरी आणि थाइमने भरलेले माळ, खुरट्या ओकची झुडपे, मधेच ऑग्ली नदीने कापून काढलेली गालामूची अरुंद घळ असा तिचा प्रवास आहे. आगिलार, केरिब्यूस, पेरपेर्त्यूझ, प्युईलोराँ, प्युईव्हेर, मोंसेग्यूर हे किल्ले एकामागून एक वाटेवर येतात. वाटेला नाव आहे ‘कॅथार वाट’ आणि किल्ल्यांना ‘कॅथार किल्ले’. तेराव्या शतकात पोपच्या धर्मयुद्धाने आणि फ्रान्सच्या राजाने मोडून काढलेल्या एका पंथाचे हे नाव. ते वाचून चालणाऱ्याची समजूत होते, की या कड्यांवर त्या पंथाच्या लोकांनी तट उभारले, तिथून झुंज दिली आणि आपण पाहतो आहोत ते त्यांचे अवशेष आहेत. ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. आज डोळ्यांना दिसणारे बुरुज, तट आणि दालने मुख्यतः जिंकणाऱ्यांनी बांधलेली आहेत. पुरावा अभिलेखागारात आहेच, पण तो या वाटेवरही पडलेला आहे, आणि पायी चालणाऱ्याला तो मोटारीने येणाऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

आधी घटनाक्रम पाहू. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुलूझ, आल्बी आणि कार्कासोनच्या मुलखात एक वेगळी ख्रिस्ती शिकवण मूळ धरून होती. दृश्य जग वाईट तत्त्वाने घडवले आहे, म्हणून मांस, शपथ आणि शरीरसंग सोडावा, असे तिचे दीक्षित मानत. मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षा हा त्यांचा एकमेव संस्कार होता. त्यांचे अनुयायी त्यांना साधेपणाने ‘भले लोक’ म्हणत. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा दूत प्येर द कास्तेलनो याचा खून झाला आणि तिसऱ्या इनोसंट पोपने धर्मयुद्ध पुकारले. जुलै १२०९ मध्ये बेझिए शहराची कत्तल झाली, ऑगस्टमध्ये कार्कासोन पडले. पुढची वीस वर्षे युद्ध धुमसत राहिले. १२२९ च्या तहाने तुलूझचा काउंट राजापुढे वाकला आणि हा सारा मुलूख हळूहळू पॅरिसच्या मुठीत गेला. उत्तरेच्या सरदारांना धर्माच्या नावावर दक्षिणेची जमीन मिळाली. पुढची सगळी दगडी गोष्ट याच हस्तांतराची आहे.

एका घराण्याचा इतिहास पाहिला की हे हस्तांतर कसे झाले ते उमगते. तेर्मचा किल्ला १२१० मध्ये धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याने वेढला. सुमारे चार महिन्यांनी, टाक्यांतले दूषित पाणी आणि आजारपण यांनी शिबंदी खचल्यावर, तो पडला. किल्ल्याचा धनी रेमाँ कार्कासोनच्या तुरुंगात मेला. त्याचा मुलगा ऑलिव्हिए पुढे दीर्घकाळ राजाविरुद्ध लढला, हरला, शरण आला आणि फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर थेट पूर्वेच्या धर्मयुद्धावर गेला. परत आल्यावर तो राजाचा भरवशाचा माणूस होता. १२५५ मध्ये केरिब्यूस ताब्यात आला तेव्हा आपल्या जुन्या साथीदाराला, म्हणजे किल्ल्याचा रक्षक शाबेर द बार्बेरा याला, शरण आणण्यात ऑलिव्हिएचा हात होता. त्याच्या घराण्याचा आगिलार किल्लाही थोड्याच वर्षांत राजाने विकत घेतला. वडील तुरुंगात मेले, मुलगा राजाच्या चाकरीत आला आणि वडिलोपार्जित गड राजाच्या दप्तरी जमा झाला. अशा माणसाला फितूर म्हणणे सोपे आहे. मला तो आपल्या मुलखाचे भवितव्य इतरांआधी ओळखणारा माणूस वाटतो.

११ मे १२५८ रोजी कॉर्बेई येथे नवव्या लुईने अरागॉनचा राजा जॉमे याच्याशी तह केला. बार्सिलोना आणि रूसियोंवरचा जुना दावा फ्रान्सने सोडला. मोंपेलिए वगळता उत्तरेकडचे बहुतेक दावे अरागॉनने सोडले. कॉर्बिएर डोंगरांच्या दक्षिण अंगाला दोन राज्यांची सीमा आली आणि ती पुढे चारशे वर्षे तिथेच राहिली. आगिलार, तेर्म, केरिब्यूस, पेरपेर्त्यूझ आणि प्युईलोराँ हे पाच किल्ले ‘कार्कासोनचे पाच पुत्र’ म्हणून ओळखले जातात. कार्कासोन हे राजाच्या सेनेशालचे, म्हणजे सुभेदाराचे ठाणे होते आणि त्याच्या हुकमतीखालचे हे पाच पहारेकरी. ही साखळी नकाशावर पाच ठिपक्यांसारखी दिसते. वाटेने चालताना मात्र तिचा अर्थ पायांखाली येतो. कुकुन्याँ गावातून केरिब्यूसच्या ७२८ मीटर उंचीच्या सुळक्यावर चढले की दक्षिणेला मोरीची द्राक्षमळ्यांची दरी, तिच्या पलीकडे रूसियोंचे मैदान, त्यावर कानिगू शिखर आणि स्वच्छ हवेत समुद्र दिसतो. उत्तर-पश्चिमेला दुसऱ्या धारेवर पेरपेर्त्यूझ दिसतो. किल्ला ज्या खिंडीच्या डोक्यावर आहे तिच्यातून मैदानाकडून वर येणारा रस्ता जातो. एखाद्या छळ झालेल्या पंथाला लपायचे असते तर त्याने अशी चारी बाजूंनी उघडी जागा निवडली नसती. ही जागा पाहण्यासाठी आणि दिसण्यासाठी आहे.

बांधकाम जवळून पाहिले तर शंका उरत नाही. आगिलारचा बाहेरचा कोट षटकोनी आहे आणि त्याच्या सहा कोपऱ्यांवर सहा गोल बुरुज आहेत. हे बुरुज आतल्या अंगाने मुद्दाम उघडे ठेवलेले आहेत. शत्रूने बुरुज घेतलाच, तर आतल्या किल्ल्यातल्या तिरंदाजांपासून त्याला आडोसा मिळू नये. ही तेराव्या शतकात राजाने केलेल्या बांधकामांची सरावलेली रीत आहे. केरिब्यूसच्या मुख्य बुरुजात शिरलात तर एकाच जाड गोल खांबावर तोललेले गॉथिक दालन लागते. खांब दालनाच्या मध्यावर नाही आणि त्यावरून उठणाऱ्या कमानींच्या फासळ्या चारही अंगांना विषम लांबीने पसरतात. कड्याचा आकार जसा मिळाला तसे छत बसवले आहे. या कामासाठी शिकलेला कारागीर लागतो, आणि त्याची मजुरी भरणारा खजिनाही. पेरपेर्त्यूझ तर दोन किल्ल्यांचा मिळून झाला आहे. खालचा जुना भाग लांबट धारेवर, आणि वर, कड्याच्या माथ्यावर, राजाने नव्याने बांधलेला साँ जोर्दी हा बालेकिल्ला. दोघांना जोडणाऱ्या, कातळात खोदलेल्या साठेक पायऱ्यांचा जिना ‘सेंट लुईचा’, म्हणजे नवव्या लुईचा, जिना म्हणून ओळखला जातो. पेरपेर्त्यूझच्या सरदाराने १२४० मध्ये किल्ला राजाला दिला आणि हे काम त्यानंतरचे. आपल्याकडे गड चढणाऱ्यांना चर्या, जंग्या, दिंडी, टाकी हे सारे ओळखीचे असते. त्यांना इथे जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे सांगायला वाटाड्या लागणार नाही.

मोंसेग्यूरची गोष्ट सगळ्यांत हृदयद्रावक आहे आणि घोटाळाही तिथेच सर्वाधिक आहे. १२०४ च्या सुमारास रेमाँ द पेरेयी या सरदाराने भल्या लोकांच्या विनंतीवरून १२०७ मीटर उंचीच्या या डोंगरावर गढी आणि गाव पुन्हा उभारले. पंथाचे ते अखेरचे मोठे आश्रयस्थळ ठरले. मे १२४३ पासून दहा महिने वेढा पडला. १६ मार्च १२४४ रोजी, धर्म सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना डोंगराच्या पायथ्याशी जाळण्यात आले. इथवर शंका नाही. पण माथ्यावर आज उभा असलेला, पंचकोनाच्या जवळपास जाणारा कोट त्यांचा नाही. तो नंतर या जहागिरीचे धनी झालेल्या उत्तरेकडच्या लेव्ही घराण्याचा आहे. विसाव्या शतकात काहींनी त्याच्या भिंतींची दिशा उन्हाळ्यातल्या सूर्योदयाशी जुळवून हे सूर्यमंदिर असल्याचे सांगितले. भिंतच जळलेल्यांच्या पश्चात उभी राहिली असेल तर त्या सूर्याचा त्यांच्याशी संबंध कसा जोडणार? त्यांचे जे खरोखर आहे ते कोटाच्या बाहेर आहे. कड्याला चिकटलेल्या अरुंद पायऱ्यापायऱ्यांच्या जागांवर घरांचे पाये आणि उंबरे उत्खननात सापडले आहेत. बहुतेक पाहुणे कोटाच्या दारातून आत जातात आणि या पायांकडे वळूनही बघत नाहीत.

मग हे नाव आले कुठून? एकोणिसाव्या शतकात नापोलेआँ पेरा या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने या पंथाचा इतिहास आपल्या पूर्वसुरींचा इतिहास म्हणून रंगवला आणि मोंसेग्यूर त्याचे तीर्थ केले. १९३३ मध्ये ऑटो रान या जर्मन लेखकाने मोंसेग्यूरला पवित्र प्याल्याच्या दंतकथेशी जोडले. १९६६ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीने कॅथारांवर दोन भागांचे नाट्य दाखवले आणि हा शब्द घराघरांत गेला. त्यानंतर ओद जिल्ह्याने आपल्या मुलखाला ‘कॅथार देश’ अशी ओळख दिली. पाट्या लागल्या, वाटा आखल्या, दारूच्या बाटल्यांवरही तेच नाव आले. किल्ल्यांचे हे नाव त्यांच्या बांधकामापेक्षा सातशे वर्षांनी लहान आहे.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा: या जागांवर आधीपासून गढ्या होत्या आणि त्यांचे सरदार पंथाला आसरा देत, मग नाव खोटे कसे? आक्षेपात तथ्य आहे. पंथाचा राझेसचा बिशप बनुआ द तेर्म केरिब्यूसच्या आश्रयाला गेला होता. मोंसेग्यूरबद्दल वर सांगितलेच. पण आसरा देणे आणि बांधणे वेगळे, आणि आश्रयस्थळ हे पंथाचे घरही नव्हे. ते घर कुठे होते याचा पुरावा तुलूझच्या ग्रंथालयात ६०९ क्रमांकाच्या हस्तलिखितात आहे. १२४५-४६ मध्ये बेर्नार द को आणि जाँ द साँ-प्येर या दोन चौकशी अधिकाऱ्यांनी तुलूझ आणि कार्कासोनमधल्या लोरागे या गव्हाच्या सपाट मुलखातली गावेच्या गावे साक्षीला बोलावली. चौदा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष, बारा वर्षांवरची प्रत्येक स्त्री. पाच हजारांहून अधिक जबान्या झाल्या. मूळ वह्या हरवल्या. उरली आहे ती काही वर्षांनी कागदावर केलेली नक्कल. त्यात कोणी भल्या लोकांपुढे गुडघे टेकले, कोणी त्यांना भाकरी दिली, कोणाच्या घरी मरणाऱ्याला दीक्षा मिळाली, हे विचारलेले आहे. ते घडले घराच्या ओसरीत, शेतात, आजाऱ्याच्या खाटेशी. कड्यावरच्या बुरुजात नव्हे. काही इतिहासकार म्हणतात, की संघटित कॅथार पंथ ही चौकशी करणाऱ्यांचीच कल्पना होती. तेवढ्या टोकाला जाण्याइतका पुरावा मला दिसत नाही. पण त्यांचे म्हणणे मान्य केले तरी किल्ल्यांचा त्या माणसांशी असलेला दुवा आणखी सैलच होतो.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मी अधिक गंभीर मानते. कॉर्बिएर हा गरीब डोंगरी मुलूख. द्राक्षाच्या भावाने तो वारंवार कोलमडला आहे. १९०७ मध्ये याच भागातले द्राक्ष-उत्पादक लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आले होते. तरुण गावे सोडून जातात आणि शाळा बंद पडतात. नावामुळे चालणारे येतात, त्यांच्यासाठी खोल्या आणि खानावळी चालतात. ‘राजाची सीमेवरची ठाणी’ म्हणून कोण येईल? पण हे म्हणणे वाचकाला, चालणाऱ्याला कमी लेखते. सीमेची गोष्ट नीरस नाही. १६५९ च्या तहाने रूसियों फ्रान्सला मिळाले, सीमा पिरेनीजच्या धारेवर सरकली आणि हे गड एका सहीसरशी निरुपयोगी झाले. तेर्म तर त्याआधीच, १६५३-५४ मध्ये, राजाज्ञेने सुरुंग लावून पाडण्यात आला होता, कारण तो लुटारूंचा अड्डा झाला होता. प्युईव्हेरमध्ये, पंथाशी लढून जमीन मिळवलेल्या ब्रुयेर घराण्याच्या दालनात, कमानींच्या टेकूंवर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे आठ वादक कोरलेले आहेत. प्रत्येकाच्या हाती वेगळे वाद्य आहे आणि एकाच्या काखेत मशकीची पिपाणी. विजेत्यांच्या घरातली ही कला आहे, ती सुंदर आहे आणि तिला दुसऱ्याचे नाव उसने घेण्याची गरज नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत घेतले. त्या नावात ते कोणी आणि कशासाठी वापरले हे सांगितले आहे. फ्रान्सनेही २०१७ मध्ये आपल्या प्रस्तावित यादीत कार्कासोनचा कोट आणि त्याचे डोंगरी पहारेकरी किल्ले असेच वर्णन नोंदवले. त्यात कॅथार हा शब्द नाही. कागदावर जे मान्य झाले ते वाटेवरच्या पाट्यांवर यायला हवे. त्यासाठी पंथाची आठवण पुसायची नाही, तिला तिच्या जागी न्यायचे आहे: मोंसेग्यूरच्या कोटाबाहेरच्या पायांकडे, लोरागेच्या गावांकडे, तुलूझच्या त्या हस्तलिखिताकडे. या वाटेने जाणाऱ्या मराठी वाचकांना एवढीच विनंती, की आठवडा मिळाला तर तो आगिलार ते प्युईलोराँ या टप्प्याला द्या, प्रत्येक गडावर आधी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, आणि पाटीवर नावाशेजारी १२५८ हे साल नसेल तर किल्ल्याच्या कार्यालयातल्या अभिप्रायवहीत तसे लिहून या.