हौशी रेडिओ मंडळे : संकटकाळातील संदेशवहनाचा आधार

दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे संदेश पाठविणे ही आज इतकी सहज गोष्ट झाली आहे की, ती सोय बंद पडेपर्यंत तिचे मोल जाणवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई आणि ठाणे परिसरातील असंख्य कुटुंबांना आपली माणसे कोठे अडकली आहेत हे रात्रभर कळू शकले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, भ्रमणध्वनीचे मनोरे निकामी झाले आणि अनेक गावांचा तालुक्याशी असलेला संपर्क तुटला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव दरडीखाली गेले. तेथील अनर्थ बाहेरच्या जगाला प्रथम कळला तो त्या मार्गाने जाणाऱ्या एका एस. टी. बसचालकामुळे.

या घटनांचे स्वरूप निरनिराळे असले, तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. संकटाच्या पहिल्या काही तासांत मदतपथके, औषधे, नौका, अन्न या साऱ्यांच्या आधी आवश्यकता असते ती बातमीची. मदत कोठे, किती आणि कोणत्या प्रकारची हवी, हे कळल्यावाचून शासकीय यंत्रणेला नेमके पाऊल टाकता येत नाही. नेहमीची साधने बंद पडलेली असताना ही बातमी पोहोचविण्याचे काम जी मंडळी स्वेच्छेने करू शकतात, त्यांत हौशी रेडिओचालकांचे स्थान महत्त्वाचे आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणीचे केंद्र कार्यक्रम प्रसारित करते आणि श्रोते ते ऐकतात. हौशी रेडिओत प्रत्येक केंद्र बोलतेही आणि ऐकतेही. शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती आपल्या घरात किंवा मंडळाच्या जागेत बिनतारी संच बसवून तशाच दुसऱ्या परवानाधारकाशी संपर्क साधते. अशा व्यक्तीला जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. प्रत्येक केंद्राला स्वतंत्र संकेतनाम दिलेले असते. भारतातील बहुतेक संकेतनामे ‘व्हीयू-२’ किंवा ‘व्हीयू-३’ या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते.

या छंदाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. भारतात १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात हौशी बिनतारी केंद्रांचा प्रारंभ झाला. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली आणि तिच्या स्थापनेचा दिवस, १८ एप्रिल, आज जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील हौशी परवाने रद्द केले. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या बिनतारी तंत्राच्या जाणकाराचा हात होता. स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले आणि देशाच्या निरनिराळ्या शहरांत हौशी मंडळे उभी राहिली. मुंबई अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी हे त्यांपैकी एक होय.

भ्रमणध्वनी बंद, रेडिओ चालू : असे का?

भ्रमणध्वनीवरून शेजारच्या गल्लीत बोलावयाचे असले, तरी आवाज प्रथम मनोऱ्याकडे, तेथून केबलद्वारे मध्यवर्ती यंत्रणेकडे आणि मग दुसऱ्या मनोऱ्यामार्गे इष्ट व्यक्तीकडे जातो. या साखळीतील एक दुवा तुटला तरी संभाषण थांबते. वीज गेल्यावर मनोरा बॅटरीवर काही तासच चालतो. पुढे जनित्राला डिझेल लागते आणि रस्ता बंद असेल तर ते पोहोचत नाही. शिवाय संकटाच्या वेळी सर्वच लोक एकदम दूरध्वनी करू लागल्याने शाबूत राहिलेल्या यंत्रणेवरही ताण पडतो.

हौशी रेडिओत दोन केंद्रांच्या मध्ये अशी साखळी असावीच लागते असे नाही. संच, एरियल आणि मोटारीची बॅटरी एवढी सामग्री पुरते. बहुतेक वेळ ऐकणे आणि अधूनमधून बोलणे अशा रीतीने वापर केल्यास साधारण ६० अ‍ॅम्पिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीवर एखादा संच एक दिवस आणि एक रात्र सहज चालतो. १४५ मेगाहर्ट्झच्या संचासाठी सुमारे एक मीटर लांबीची एरियल लागते. ७ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींसाठी सुमारे २० मीटर तार दोन झाडांमध्ये ताणली की काम भागते.

या दोन प्रकारच्या लहरींचा स्वभाव मात्र वेगळा आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. यास्तव उंच जागी ‘रिपीटर’ नावाचे केंद्र बसवितात. ते एका वारंवारतेवर ऐकलेला आवाज त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक जोराने पुढे पाठविते. २०० मीटर उंचीवरील एरियलचे रेडिओ-क्षितिज सुमारे ५८ किलोमीटरपर्यंत पोहोचते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. त्यामुळे डोंगररांगा ओलांडून शेकडो, कधी हजारो किलोमीटरपर्यंत संपर्क साधता येतो.

नवी मुंबईचे स्थान

या दृष्टीने नवी मुंबईची भौगोलिक आणि प्रशासकीय रचना लक्षात घेण्यासारखी आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर खाडी आणि डोंगर यांच्यामधील पट्ट्यात हे शहर वसत गेले. पश्चिमेस ठाणे खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर, मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या कडेने पसरलेली औद्योगिक वसाहत असे त्याचे स्वरूप आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाण्याचा निचरा मंदावतो. डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांना दरडीचा धोका असतो. रासायनिक कारखान्यांच्या परिसरात वायुगळतीची शक्यता गृहीत धरूनच आपत्कालीन आराखडे करावे लागतात.

नियोजित नवी मुंबईचा प्रदेश ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. संकट मात्र जिल्ह्याची सीमा पाहून येत नाही. कोकण विभागाचे आयुक्त कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे आणि रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबागला. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता आणि मदतपथकांना पायी डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणी पथकातील एकाजवळ हातात धरावयाचा संच असणे आणि पायथ्याशी त्याला उत्तर देणारे केंद्र असणे, याचा उपयोग वेगळा सांगावयास नको. त्या पायथ्यापासून कोकण भवनापर्यंतचा दुवा नवी मुंबईतील परवानाधारक जोडू शकतात. ऐरोलीतून कल्याण-डोंबिवलीकडे बोलताना पारसिकचा डोंगर आड येतो, तेव्हा उंचावरील रिपीटर कामी येतो. बेलापूरहून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे बोलावयाचे तर लघुलहरींचा आश्रय घ्यावा लागतो.

मंडळाचे खरे काम सरावाचे

कपाटात ठेवलेला संच संकटाच्या दिवशी बाहेर काढून चालत नाही. बॅटरी उतरलेली असते, एरियलची जोडणी गंजलेली असते आणि कोणाशी कोणत्या वारंवारतेवर बोलावयाचे हे कोणालाच आठवत नाही. मंडळाची खरी सेवा ही की, ते हा सराव बारमाही चालू ठेवते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक केंद्र नियंत्रकाचे काम करते. ते एकेका सभासदाचे संकेतनाम पुकारते आणि ज्याचे नाव येईल तोच बोलतो. या पद्धतीला हॅम मंडळी ‘नेट’ म्हणतात. वाहिनी एकच आणि बोलणारे अनेक असल्यामुळे ही शिस्त अपरिहार्य ठरते.

संदेश सांगण्याचीही रीत असते. क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणास आणि मजकूर या क्रमाने संदेश लिहून घ्यावा लागतो, आकडे दोनदा सांगावे लागतात आणि ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवावा लागतो. खरखराटात ‘वाशी’ आणि ‘वसई’ यांत गफलत होण्यास वेळ लागत नाही. रुग्णवाहिका चुकीच्या गावी गेल्यास होणारी हानी भरून येत नाही. हा सराव यात्रा, मिरवणुका, दौडी, गणेश विसर्जन यांसारख्या गर्दीच्या प्रसंगी पोलीस आणि नगरपालिकांना साहाय्य करताना उत्तम होतो. हरवलेले मूल, भोवळ आलेला वृद्ध, तुंबलेला रस्ता यांच्या बातम्या देता देता सभासद मोठ्या प्रसंगासाठी तयार होत असतात.

डिसेंबर २००४ चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या महिन्यात अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे केंद्र उभारून जगभरच्या हॅम मंडळींशी संपर्क साधत होते. २६ डिसेंबरला त्सुनामीच्या लाटा आल्या आणि द्वीपसमूहातील दळणवळण खंडित झाले. त्याच केंद्रावरून मदतीचे संदेश आणि बेटांवरील लोकांच्या सुखरूपतेच्या वार्ता मुख्य भूमीकडे जाऊ लागल्या. ते केंद्र आधीपासून चालू स्थितीत होते, एरियल उभी होती आणि चालविणारी माणसे सवयीची होती, म्हणूनच हे घडू शकले.

परवाना आणि मर्यादा

हौशी केंद्राचा परवाना केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून मिळतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही त्यासाठी परीक्षा देता येते. परीक्षेत विजेचे आणि रेडिओतंत्राचे प्राथमिक ज्ञान व बिनतारी वापराचे नियम यांवर प्रश्न असतात. शाळा, महाविद्यालये आणि मंडळे यांनाही केंद्राचा परवाना मिळू शकतो. परवान्याविना प्रक्षेपक संच बाळगणे अथवा चालविणे हा गुन्हा आहे. बाजारात मिळतात म्हणून संच घेऊन वाटणे हा या योजनेचा मार्ग नव्हे.

या सेवेचा उपयोग व्यापारासाठी करता येत नाही. संभाषण उघड असते, कोणीही ते ऐकू शकतो. म्हणून गोपनीय मजकुरासाठी ती योग्य नाही. एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोहोचविण्यासही मनाई असते. तथापि, नैसर्गिक आपत्तीत नेहमीचे दळणवळण बंद पडल्यास जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेले अधिकारी यांचे संदेश हौशी केंद्रांनी हाताळावेत, अशी तरतूद १९७८ च्या हौशी सेवा नियमांतच करण्यात आली. प्रशासन आणि हौशी मंडळे यांच्या सहकार्याला असा पूर्वीपासून आधार आहे. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेची किंवा उपग्रह-दूरध्वनीची जागा हौशी रेडिओ घेऊ शकत नाही. त्या यंत्रणांवर ताण आला असता किंवा त्या जेथे पोहोचल्या नाहीत तेथे तो पूरक ठरतो.

स्थानिक संस्थांनी काय करावे?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आणि आराखडा असतो. त्या आराखड्यात परिसरातील परवानाधारकांची यादी, त्यांची संकेतनामे आणि ठरलेल्या वारंवारता नोंदवून ठेवल्यास ऐनवेळी शोधाशोध करावी लागणार नाही. यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी, कारण माणसे गाव बदलतात आणि संच नादुरुस्त होतात. रंगीत तालीम घेताना भ्रमणध्वनी बंद आहेत असे समजून एक तास केवळ बिनतारी संचांवर काम करून पाहावे. त्यातून उणिवा आपोआप उघड होतील.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा उचलता येईल. दरडप्रवण किंवा पुराने तुटणाऱ्या गावातील एक-दोन होतकरू तरुणांना परीक्षेसाठी उत्तेजन देणे, एरियलसाठी शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीचे छप्पर उपलब्ध करून देणे आणि बॅटरी भरण्यासाठी सौर तावदानाची सोय करणे, या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. नवी मुंबई, पनवेल येथील अनुभवी परवानाधारकांनी अशा गावांशी नाते जोडले, तर शहरातील ज्ञान आणि गावाची गरज यांची सांगड बसेल.

शिक्षकांच्या दृष्टीने तर हा विषय विज्ञान शिकविण्याचे उत्तम साधन आहे. मोर्सच्या टिंब-रेघांचा आवाज काढणारे छोटे मंडल विद्यार्थी स्वतः जोडू शकतात. तारेची लांबी आणि लहरीची लांबी यांचा संबंध एरियल बांधताना प्रत्यक्ष कळतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह खास हौशी रेडिओचालकांसाठी होता. त्यावरील दोन संदेश-परावर्तक यंत्रांपैकी एक नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने तयार केले होते. २०१४ पर्यंत या उपग्रहाने काम केले. शाळेतील छंद कोठवर पोहोचू शकतो, याची यावरून कल्पना यावी.

पावसाळा दरवर्षी येतो, वादळांची सूचनाही आता आधी मिळते. सूचना मिळाल्यानंतर आणि मदत पोहोचण्यापूर्वी जो काळ जातो, त्या काळात गावाचा आवाज तालुक्यापर्यंत नेणारी दोन-चार प्रशिक्षित माणसे प्रत्येक धोक्याच्या परिसरात असावीत. त्यांची तयारी कोरड्या दिवसांतच करावी लागते. हौशी रेडिओ मंडळे ती तयारी स्वखुशीने करीत आहेत. स्थानिक प्रशासनाने, शाळांनी आणि पंचायतींनी त्यांची वेळीच दखल घेऊन त्यांना आपल्या आराखड्यात स्थान द्यावे.