आनन पक्षाघात : व्यायामोपचार

चेहऱ्याच्या हालचाली घडवून आणणाऱ्या सातव्या मस्तिष्क तंत्रिकेचे (आनन तंत्रिकेचे) कार्य मंदावल्याने किंवा बंद पडल्याने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. या विकाराला आनन पक्षाघात म्हणतात. आयुर्वेदात त्याचे वर्णन ‘अर्दित’ या नावाने आढळते. कपाळाला आठ्या घालता न येणे, डोळा पूर्ण न मिटणे, तोंडाचा कोपरा ओघळणे आणि चूळ भरताना पाणी गळणे ही प्रमुख लक्षणे होत. मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्याने चेहरा लुळा पडल्यास कपाळाची हालचाल बहुधा शाबूत राहते. तशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

कारणे : सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारास सर चार्ल्स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश शल्यचिकित्सकांच्या नावावरून ‘बेल पक्षाघात’ म्हणतात. त्यात शंखास्थीतील अरुंद नलिकेमध्ये तंत्रिका सुजून दाबली जाते. मध्यकर्णाचा संसर्ग, नागीण, इजा, अर्बुद व कुष्ठरोग ही इतर कारणे होत. कोपनहेगन येथील पीटरसन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधोपचार न घेतलेल्या १,७०१ बेल पक्षाघाताच्या रुग्णांपैकी सु. ७१% पूर्णपणे बरे झाल्याचे दिसून आले. व्यायामोपचाराची खरी गरज उरलेल्यांना असते.

तत्त्व : इजा झालेल्या तंत्रिकेचे तंतू दररोज सु. १ मिमी. या वेगाने पुन्हा वाढतात. वाढताना काही तंतू वाट चुकून भलत्याच स्नायूंना जाऊन मिळतात. परिणामी हसताना डोळा मिटतो किंवा डोळा मिटताना ओठ ओढला जातो. या दोषास सहगती म्हणतात. म्हणून येथे व्यायामाचा उद्देश बळ वाढविणे हा नसून प्रत्येक स्नायूवर स्वतंत्र ताबा मिळविणे हा असतो. हातापायांच्या स्नायूंत ताण ओळखणारी जी संवेदी यंत्रणा असते, ती चेहऱ्याच्या स्नायूंत जवळजवळ नसते. त्यामुळे हालचाल बरोबर होते की नाही हे रुग्णाला आरशात पाहूनच नेमके कळते.

पद्धती : पहिल्या अवस्थेत चेहरा पूर्ण लुळा असतो. या काळात जोरकस व्यायाम वर्ज्य असून हलके मर्दन पुरेसे होते. बेल पक्षाघातात पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू करणे सर्वांत महत्त्वाचे असते. व्यायाम त्याची जागा घेऊ शकत नाही. न मिटणारा डोळा कोरडा पडून स्वच्छमंडलावर (बुबुळावरील पारदर्शक पटलावर) व्रण होतो व दृष्टी जाऊ शकते. यासाठी दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब व रात्री मलम घालून पापणी पट्टीने बंद ठेवतात. कुष्ठरोगात डोळ्याची संवेदनाही नष्ट झालेली असू शकते व इजा झाल्याचे रुग्णाला कळत नाही, म्हणून ही दक्षता अधिकच घ्यावी लागते.

हालचाल परतू लागल्यावर दुसरी अवस्था सुरू होते. रुग्णाने आरशासमोर बसून भुवई उचलणे, नाक आक्रसणे, ओठांचा चंबू करणे, स्मित करणे या हालचाली सावकाश, लहान प्रमाणात व थोड्याच वेळा कराव्यात. निरोगी बाजू अधिक ओढली जात असल्यास ती बोटांनी रोखून धरावी. सहगती आढळल्यास तिसऱ्या अवस्थेत ताठर स्नायू ताणून सैल करणे आणि डोळा उघडा ठेवून हळूच हसणे यांचा सराव करतात. आवश्यकतेनुसार बोट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे देतात.

फुगे फुगविणे, सतत च्युइंगम चघळणे व जोर लावून तोंड वेडेवाकडे करणे हे उपाय लोकप्रिय आहेत. चघळण्याचे स्नायू पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या ताब्यात असल्याने च्युइंगमचा येथे उपयोग नाही. जोर लावल्याने सर्व स्नायू एकदम आकुंचन पावतात आणि चुकीची सवय दृढ होते.

मूल्यमापन : नेदर्लंड्समध्ये मूकाभिनयाच्या आधारे एक उपचारपद्धती विकसित झाली. बेर्स्केन्स व हेमान्स यांनी २००६ मध्ये ५० जुन्या रुग्णांवरील चाचणीत तिने चेहऱ्याची सममिती सुधारते असे दाखविले. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेने १२ चाचण्या तपासल्या. उच्च दर्जाचा पुरावा तीत मिळाला नाही. परंतु जुन्या व मध्यम तीव्रतेच्या पक्षाघातात रुग्णानुरूप व्यायाम उपयुक्त ठरण्याची शक्यता नोंदविली गेली. तंत्रिका पूर्णपणे तुटलेली असल्यास केवळ व्यायामाने हालचाल परत येत नाही. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सुधारणा महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे थोडा, अचूक व नियमित सराव हाच या उपचाराचा पाया होय.