अर्धा किलोचा चाप, घरच्या तराजूवर

आर्वी : कापसाची बाजारपेठ असलेल्या या गावाला काट्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. नेमबाजीच्या खेळातही असाच एक काटा असतो. मात्र खेळाडूची त्याच्याशी पहिली गाठ बहुधा स्पर्धेच्या दिवशी, घरापासून शेकडो किलोमीटर दूर पडते. रात्रभर प्रवास करून पुण्याच्या बालेवाडीला किंवा मुंबईच्या वरळीला पोहोचावे आणि तपासणी कक्षात आपल्या पिस्तुलाचा चाप नियमापेक्षा दहा ग्रॅमने हलका निघावा, ही नामुष्की घरी अर्धा तास खर्च केला तर टळू शकते. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. स्वयंपाकघरातला काटा, पाण्याची बाटली आणि थोडी शिस्त एवढ्यावर काम भागते.

शस्त्रातून गोळी किंवा छर्रा सुटण्यासाठी चापावर, म्हणजेच ट्रिगरवर, जेवढा जोर द्यावा लागतो तेवढे त्या चापाचे ‘वजन’. शस्त्र सज्ज झाले की आतील ताणलेली स्प्रिंग एका छोट्या खटक्याने अडवून धरलेली असते. चाप ओढताच तो खटका सरकतो. खटक्याच्या कडा एकमेकींवर किती टेकल्या आहेत आणि चापाची स्प्रिंग किती कडक आहे, यावर हे वजन ठरते. अनेक शस्त्रांत चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. आधी थोडा सैल प्रवास, मग बोटाला अडकल्यासारखी एक जाणीव आणि त्यापुढे प्रत्यक्ष सुटका. मोजायचे ते सुटकेच्या क्षणाचे वजन.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक पटकावले, तो हाच. रायफलची गोष्ट निराळी आहे. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत चापाच्या किमान वजनाचे बंधनच नाही. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले ते एअर रायफलमध्ये आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. या दर्जाच्या रायफलींचे चाप शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलके ठेवता येतात. लष्करी रायफलीला सर्वसाधारणपणे दोन ते चार किलोचा जोर लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक कळतो. ३०० मीटर स्टँडर्ड रायफल प्रकारात मात्र १५०० ग्रॅमची अट आहे.

मग बंधन नसलेल्या रायफलचा चाप मोजायचा कशासाठी? सातत्यासाठी. आज ९० ग्रॅमला सुटणारा चाप उद्या १३० ग्रॅमला सुटला, तर बोटाला लागलेली सवय फसते आणि नेम हलतो. विदर्भातील उन्हाळ्यातली धूळ आणि वाळून घट्ट झालेले तेल एवढेही त्याला पुरते. बोटाचा अंदाज येथे कामाचा नाही, कारण बोट त्या बदलाशी नकळत जुळवून घेते.

मोजणीआधीची पहिली अट सुरक्षिततेची. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि गोळ्या किंवा छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवावेत. मोजताना नळी सरळ वर, छताकडे असते. ते छत टिनाचे असो की स्लॅबचे, रिकामे शस्त्र हेच खरे संरक्षण. घरात लहान मुले असतील तर त्यांच्यासमोर हा प्रयोग करूच नये.

घरगुती पद्धत अशी. जाड तारेचा एक आकडा करून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, म्हणजे चापावर ओरखडा उमटत नाही. आकड्याला दोरीने प्लास्टिकची बाटली बांधावी. एकाने शस्त्र नळी उभी ठेवून स्थिर धरावे, दुसऱ्याने आकडा चापाच्या मध्यभागी अडकवावा. बाटली शस्त्राला न घासता मोकळी लोंबकळली पाहिजे. मग बाटलीत पाणी घालत जावे. शेवटी शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने पाच-पाच मिलिलिटर घालावे. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे गणित येथे सोयीचे ठरते. चाप सुटला की थांबावे आणि बाटली, पाणी, दोरी व आकडा असे सारे एकत्र काट्यावर ठेवावे. येणारा आकडा हे चापाचे वजन. काटा खरा आहे की नाही, याचा पडताळा ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे मिळेल. वैधमापन विभागाचा ठसा असलेले त्याचे अर्धा किलोचे वजन आपल्या काट्यावर किती भरते, ते पाहावे.

‘मध्यभागी’ या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. चाप ही एक तरफ आहे. खिळीपासून २० मिलिमीटरवर ५०० ग्रॅम लागत असतील, तर २५ मिलिमीटरवर ४०० ग्रॅम पुरतात. आकडा टोकाकडे घसरला की चाप हलका भासतो, वर सरकला की जड. एकाच पिस्तुलाचे दोन वेगळे आकडे येतात ते बहुधा यामुळेच. बॅगा मोजण्याच्या लोंबत्या काट्याने चाप ओढूनही मोजता येते. पण त्यात हाताची दिशा आणि वेग या दोन्ही गोष्टी मिसळतात, शिवाय असे काटे बरेचदा पाच-दहा ग्रॅमच्या टप्प्यानेच वाचतात. पाण्याची बाटली साधी असली तरी अधिक प्रामाणिक.

स्पर्धेतील पंच मात्र चाप किती ग्रॅमला सुटतो हे पाहत नाहीत. ठरलेले वजन तो पेलतो की नाही, एवढेच पाहतात. वजन सपाट पृष्ठभागावर ठेवलेले असते, नळी उभी ठेवून ते चापाने अलगद उचलायचे असते आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. एअर पिस्तुलात त्या वेळी हवेचा दाब भरलेला असावा लागतो. केवळ सरावाच्या कोरड्या चापावर घेतलेले माप म्हणूनच पुरेसे नाही. उचलताना झटका देणे महागात पडते. वजनाला प्रति सेकंद वर्ग एक मीटर एवढी गती दिली, तर ५०० ग्रॅमचा भार चापाला सुमारे ५५० ग्रॅमचा वाटतो आणि एरवी नियमात बसणारे पिस्तूल नापास होते. या हळुवार उचलण्याचाही घरी सराव करायला हवा. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत कमी पडलेला चाप दुरुस्त करून पुन्हा दाखवता येतो. फेरी संपल्यावर होणाऱ्या आकस्मिक तपासणीत तो कमी भरला, तर खेळाडू थेट बाद होतो.

म्हणून एका मापावर विसंबू नये, दहा मापे घ्यावीत. पिस्तुलासाठी त्यांची सरासरी नव्हे, सर्वांत लहान आकडा पाहावा. समजा नऊ वेळा ५१० ते ५३० ग्रॅम आले आणि एकदा ४९५. सरासरी उत्तम दिसेल, पण पंचांसमोर नेमकी ती ४९५ ची वेळ येऊ शकते. सर्वांत लहान आकडाही मर्यादेच्या दहा-पंधरा ग्रॅम वर राहील असा चाप ठेवणे शहाणपणाचे. रायफलच्या खेळाडूने मात्र सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांतील अंतराकडे लक्ष द्यावे.

गावोगावी दिसणाऱ्या, नळी मोडून सज्ज करण्याच्या स्प्रिंगच्या एअर रायफलींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. छर्रा नसताना चाप सोडला की आतील दट्ट्या समोर आदळतो आणि त्याचे वॉशर खराब होते. एक-दोन मापांपुढे येथे जाऊ नये. ०.१७७ इंच व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या अशा रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे ठरत नाही.

चाप जड निघाला म्हणून कानस घेऊन बसणे, हा यातील सर्वांत धोक्याचा भाग. खटक्याच्या कडेवरचा कठीण थर घासला गेला की ती कड लवकर झिजते आणि नुसत्या धक्क्यानेही शस्त्र सुटू शकते. स्पर्धेच्या पिस्तुलात वजनासाठी स्वतंत्र स्क्रू दिलेला असतो. माहितीपुस्तिका पाहून तो पाव-पाव फेऱ्याने फिरवावा आणि दर वेळी पुन्हा मोजावे. जिथे असा स्क्रू नाही, तिथे शस्त्र कारागिराकडे न्यावे. परवान्याचे शस्त्र असेल तर कारागीरही परवानाधारकच लागतो. घरच्या वहीत तारीख आणि दहा आकडे लिहून ठेवले असतील, तर चाप कधीपासून बदलला हे त्याला चटकन सांगता येते.