‘पाटी’ : एका शब्दाची अर्थव्याप्ती

कोळी समाजाच्या बोलीतील, तसेच त्या जीवनावर आधारलेल्या साहित्यातील ‘पाटी’ या शब्दाला शब्दार्थसूचीत बहुधा ‘उथळ टोपली’ एवढाच पर्याय दिला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. तो कोठे अपुरा पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘अमरकोशा’च्या वारिवर्गात मासे ठेवण्याच्या टोपलीसाठी ‘मत्स्याधानी’ आणि ‘कुवेणी’ हे शब्द येतात. जाळे व गळ यांच्या पंक्तीतच त्यांना स्थान आहे. म्हणजे तेथे टोपली मासेमारीच्या साधनांत गणली आहे. मुंबई व उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील ‘पाटी’ मुख्यतः मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरची आहे. समुद्रावर जाणे पुरुषांकडे व विक्री स्त्रियांकडे, ही श्रमविभागणी कोळी समाजात रूढ असल्याने पाटी हे स्त्रीच्या व्यवसायाचे साधन ठरले.

येथून अर्थ विस्तारतो. पाटी हे पात्र आहे, तसेच मापही आहे. विक्रेती स्त्री मासळी पाटीने घेते आणि बाजारात लहान मासळी ‘वाटे’ लावून विकते. पाटीची किंमत आणि वाट्यांतून आलेली रक्कम यांतील फरकातूनच तिची कमाई निघते. मासळी नाशिवंत असल्याने पाटीत तिचे भांडवल असते, तशीच जोखीमही असते.

हा संदर्भ सुटल्यास वाचन फसते. ‘रिकामी पाटी’ ही प्रतिमा आली की अभ्यासक सहज दारिद्र्याचा अर्थ लावतो. सकाळी बंदरावरून परतणाऱ्या स्त्रीच्या संदर्भात तो योग्यच आहे. परंतु संध्याकाळी बाजारातून परतताना रिकामी पाटी म्हणजे सारी मासळी खपल्याचे समाधान. त्या वेळी भरलेली पाटी हीच चिंतेची खूण होय. एकच प्रतिमा दिवसाच्या वेळेनुसार उलट अर्थ धारण करते.

आज बांबूच्या पाटीची जागा पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या भांड्यांनी घेतली आहे. तरीही पाटीशी जोडलेला व्यवहार संपलेला नाही. कारण त्याचे मूळ बांबूच्या विणीत नसून खरेदी-विक्रीत आहे. म्हणूनच बोलीतील वस्तुवाचक शब्दांची नोंद करताना आकार व घडण यांबरोबरच ती वस्तू कोण, केव्हा आणि कोणत्या व्यवहारात वापरते, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.