नात्यांतील संवाद आणि समुपदेशन : भाषेच्या अंगाने एक विचार



मागील घटकात आपण उक्तीचा अर्थ संदर्भाने कसा घडतो, हे पाहिले. 'सूर्य मावळला' हे एकच विधान गुराख्याला गुरे परत वळवण्याची सूचना वाटते, तर व्यापाऱ्याला माल आवरण्याची; संस्कृत काव्यशास्त्रातील हे उदाहरण तुमच्या परिचयाचे आहे. तेच तत्त्व आता घरात आणू. रात्री साडेनऊला घरी आलेल्या नवऱ्याला बायको म्हणते, "आजही उशीर झाला." वाच्यार्थाने हे केवळ वेळेविषयीचे विधान आहे. तिच्या मनात कदाचित 'काळजी वाटत होती' हे असेल. त्याला मात्र 'तुम्हाला घराची पर्वा नाही' असे ऐकू येते. तो उत्तरतो, "मग काय, नोकरी सोडू?" पुढचा अर्धा तास भांडण नोकरीवर होते. काळजीचा विषय कोणाच्याच तोंडी येत नाही. व्यंजनेची ही किमया कवितेत आपल्याला आनंद देते. घरात तिची किंमत मोजावी लागते.

अशा जोडप्याला समुपदेशक नेमकी कोणती मदत करतो? 'दोघांची समजूत काढतो', असे उत्तर बहुतेक जण देतील. पण ते बरोबर नाही. समजूत काढण्याचे काम आपल्याकडे वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यात कोणी किती सोडून द्यायचे हे बहुधा आधीच ठरलेले असते, आणि ते सुनेच्या वाट्याला येते. समुपदेशक निवाडा देत नाही. दोघांच्या बोलण्याची घडण तो त्यांच्याच समोर उलगडून ठेवतो.

आशयाची पातळी आणि नात्याची पातळी

या विचाराला शास्त्रीय रूप देणारा एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे पॉल वात्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांचा 'प्रॅग्मॅटिक्स ऑफ ह्यूमन कम्युनिकेशन' (१९६७). प्रत्येक उक्ती एकाच वेळी दोन पातळ्यांवर काम करते, असे हे लेखक मांडतात. एका पातळीवर ती काही माहिती देते. दुसऱ्या पातळीवर 'आपले नाते असे आहे' हे सुचवते. "आमटीत मीठ कमी आहे" या वाक्याचा आशय मिठाचा आहे. परंतु ते कोण, कोणाला, कोणाच्या देखत म्हणतो, यावरून नाते कळते. पाहुण्यांसमोर हे वाक्य उच्चारले गेले, की पुढचा वाद मिठाचा राहत नाही.

याच ग्रंथातील दुसरी कल्पना भाषेच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटावी. घटनांची साखळी अखंड असते. तिच्यात विरामचिन्हे आपण घालतो. नवरा म्हणतो, "ती सारखी बोलते, म्हणून मी गप्प बसतो." बायको म्हणते, "ते गप्प बसतात, म्हणून मला बोलावे लागते." घटना त्याच आहेत, पूर्णविराम मात्र प्रत्येकाने आपल्या सोयीच्या जागी दिलेला आहे. समुपदेशनात "सुरुवात कोणी केली?" हा प्रश्न बाजूला ठेवला जातो, त्याचे कारण हेच. ही साखळी वर्तुळाकार आहे हे दोघांना एकाच वेळी दिसले, की आरोपाची धार कमी होऊ लागते.

'ऐकणे' या क्रियापदाचा घोळ

मराठीत 'ऐकणे' म्हणजे कानांनी ग्रहण करणे, आणि 'ऐकणे' म्हणजे आज्ञा पाळणेही. "मुलगा माझे ऐकत नाही" या तक्रारीत मुलाच्या श्रवणशक्तीविषयी कोणालाच शंका नसते. 'बोलणे' या क्रियापदाचीही अशीच गत आहे. "सासूबाई मला बोलल्या" म्हणजे रागावल्या, हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या भाषेत बोलणे हे रागावण्याच्या आणि ऐकणे हे मानण्याच्या इतके जवळ आहे, तिथे "एकमेकांचे ऐका" हा सल्ला 'माघार घ्या' असा ऐकू आला तर नवल नाही.

म्हणून समुपदेशक या दोन अर्थांची फारकत करून दाखवतो. एकाने थोडे बोलायचे; दुसऱ्याने उत्तर न देता, जे समजले ते आपल्या शब्दांत परत सांगायचे; पहिल्याने 'हो, हेच' किंवा 'नाही, तसे नाही' म्हणायचे. मगच पाळी बदलते. समोरच्याचे म्हणणे आरशासारखे परत दाखवण्याच्या या पद्धतीचे मूळ कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कार्यात आहे. 'ऐकले, पण मानले नाही' ही शक्यता या सरावात प्रथमच उघडी होते. अर्थात, समोरच्याचे शब्द पोपटासारखे परत म्हटले तर ती चेष्टा वाटते, हेही खरे.

दोष कोणाचा, अनुभव कोणाचा

"तू मला नेहमी दुखावतेस" या वाक्यात 'तू' हा कर्ता आहे आणि 'नेहमी' हे आरोपपत्र. "मला वाईट वाटले" या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे आणि दोषी कोणीच नाही. राग येणे, भीती वाटणे, कंटाळा येणे, आठवण होणे : मराठीत भावना अशाच 'मला' येतात किंवा वाटतात. समुपदेशनात आरोपाऐवजी स्वतःचा अनुभव सांगण्यास शिकवतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील त्यासाठीचा साचा मराठीत जसाच्या तसा आणला, तर तो पुस्तकी आणि अवघडलेला होतो. त्याची गरजही नाही, कारण आपल्या व्याकरणात ही सोय आधीपासून आहे. "तू कप फोडलास" आणि "कप फुटला" यांतील फरक प्रत्येक मराठी मूल लहानपणीच हेरते आणि आईसमोर नेमके दुसरे वाक्य वापरते!

अबोला

अबोला हा संवादाचा अभाव नव्हे. 'धरणे' आणि 'सोडणे' ही क्रियापदेच सांगतात की ती एक जाणूनबुजून केलेली कृती आहे. त्या काळात घरातील मुलाचा टपाल्यासारखा उपयोग होतो : "बाबांना सांग, पान वाढले आहे." दोघेही एकाच खोलीत असतात, फक्त संबोधन टाळलेले असते. आई-वडिलांच्या रागाचे ओझे वाहणारे हे मूल समुपदेशकाच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती जबाबदारी त्याच्यावरून काढून घेणे हे पहिल्या काही कामांपैकी एक असते. संबोधनाचीच आणखी एक गोष्ट. ज्या घरांत नवरा 'तू' म्हणतो आणि बायको 'अहो, तुम्ही' म्हणते, तिथल्या स्त्रीला समुपदेशक नवऱ्याइतक्याच सहजपणे 'तुम्ही' म्हणतो. त्या खोलीपुरती का होईना, दोघांची पायरी सारखी होते.

उपचाराची कक्षा

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. मात्र तेथे पोहोचेपर्यंत दोघांची भाषा अर्जदार आणि गैरअर्जदाराची झालेली असते. प्रत्येक वाक्य पुरावा ठरण्याच्या भीतीने बोलले जाते. त्याआधीच, घरातले बोलणे अजून घरगुती असताना मदत घेणे अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

आणखी एक भेद काटेकोरपणे पाळावा. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे प्रश्न संवादकौशल्याचा नाही. शेजारी बसलेल्या माणसाची भीती वाटणारी स्त्री त्याच्यादेखत मोकळेपणाने बोलू शकत नाही. बोलली, तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा भोगते. तेथे संयुक्त समुपदेशन धोक्याचे ठरते. आधी सुरक्षितता हवी, आणि त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आहे. "दोघे बसून बोला" हा सल्ला अशा वेळी कोणी देत असेल, तर तो स्वीकारू नये.

कृती : आपल्या घरात किंवा परिसरात या आठवड्यात ऐकलेला एखादा छोटा वाद आठवून पाच-सहा उक्तींत लिहून काढा. व्यक्तींची नावे लिहू नका. प्रत्येक उक्तीसमोर तिचा आशय आणि तिने सुचवलेले नाते अशा दोन नोंदी करा. त्यानंतर हाच वाद दुसऱ्या व्यक्तीच्या बाजूने, पूर्णविरामाची जागा बदलून, पुन्हा लिहा.