एंजलची सोयरीक

निफाड तालुक्यातली थंडी काय चीज आहे, हे पिंपळगावच्या माणसाला कुणी सांगायला नको. ऐन हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या तालुक्याचं नाव महाबळेश्वरच्याही वर छापून येतं, आणि द्राक्षवाला बिचारा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून पहाटेपर्यंत जागा. आणि अशा गावात, पोरांनो, लोक बाहेरच्या खोलीत हौसेनं पाळतात कुणाला, तर ज्याच्या सात पिढ्यांनी थंडी बघितली नाही त्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या एंजल माशाला!

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, दुकानातला एंजल काही ॲमेझॉनहून येत नाही. खरं आहे. त्याचे खापरपणजोबा शंभरेक वर्षांमागं बोटीतून युरोपात गेले, तिथं टाक्यांत त्यांची वीण सुरू झाली, आणि आज आपल्याकडं चेन्नईच्या कोळत्तूरला, नाहीतर कोलकात्याच्या बाजूला जन्मलेली पिल्लं ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून नाशिकच्या दुकानात उतरतात. पण जन्म कुठंही होवो, रक्त जुनंच. २५ ते २८ अंशांचं पाणी नसेल तर हा मासा कोपऱ्यात मलूल होऊन बसतो, खात नाही, आणि मग अंगावर मिठाचे दाणे पेरल्यागत पांढरे ठिपके उठतात. म्हणून हीटर हवाच. लिटरमागं एक वॅट असा ढोबळ हिशेब धरतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी म्हणजे तीन घनफूट, ८५ लिटर पाणी. तिला एरवी १०० वॅटचा हीटर पुरतो, पण टाकी आपल्याकडच्या उघड्या पडवीत असेल तर १५० चा घ्या. आणि हिवाळ्यात रात्री लाईट गेली तर घाबरून पाणी तापवायला धावू नका, टाकीला चारी बाजूंनी गोधडी पांघरा. एवढं पाणी काही घटकाभरात गार होत नसतं.

टाकी दीड फूट उंच का, तर हा मासा लांबीला कमी आणि उंचीला जास्त. वरच्या पंखाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलात तर वाढलेला एंजल वीस सेंटिमीटरपर्यंत भरतो, आणि समोरून बघाल तर एक उभी रेघ, बास, मासा गायब. तिकडच्या संथ पाण्यात झाडांच्या मुळ्या आणि लव्हाळ्याचे देठ उभे असतात, त्यांतून हा सरकत जातो, आणि अंगावरचे काळे उभे पट्टे त्या देठांच्या सावल्यांत असे मिसळतात की शिकाऱ्यालाही पत्ता नाही आणि शिकारीलाही नाही. हे पट्टे कायमचे रंगवलेले नाहीत बरं का. मासा चिडला, घाबरला, की ते गडद-फिकट होतात. टाकीसमोर शांत बसलात तर त्याचा राग-लोभ बघता येतो.

आणि नाव एंजल, म्हणजे देवदूत, म्हणून भाळू नका. हा सिक्लिड घराण्यातला. हे घराणं तुम्हाला परकं नाही. बाजारात जो चिलापी मिळतो तो ह्याचाच भाऊबंद, आफ्रिकेतून आलेला, १९५२ साली भारतात आणलेला आणि आता धरणाधरणांत माजलेला, ज्याची आई अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन फिरते. दुसरा भाऊबंद कोकण-गोव्याच्या खाडीतला काळुंदर. तो अस्सल आपला, पण त्याचे परदेशातले सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठं, तर मादागास्करला! ते समुद्र पोहून इकडंतिकडं गेले की दोन्ही भूभाग एकमेकांपासून तुटले तेव्हा फाटाफूट झाली, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटूही नये, भांडणातच मजा आहे. ह्या सगळ्या घराण्याला एक गंमत मिळालीय: तोंडातल्या जबड्याशिवाय घशात दुसरा जबडा. पुढच्यानं धरायचं, मागच्यानं दळायचं.

आता आपण मुद्द्यावर येऊ, म्हणजे ह्याच्या टाकीत दुसरं कोण ठेवायचं. मी तर म्हणतो ही सरळ सोयरीक आहे, आणि सोयरीक जुळवताना रूप शेवटी बघतात, आधी घराणं, खाणंपिणं आणि स्वभाव. लोक नेमकं उलटं करतात. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारानं नातीच्या हट्टापायी एंजलच्या टाकीत डझनभर निऑन टेट्रा आणून सोडले, ती निळी-लाल, बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लावळ दिव्याखाली अशी चमकायची की शेजारपाजारचे बघायला यायचे. एंजल तेव्हा लहान होते, सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग पावसाळा लागता लागता नातीच्या लक्षात आलं की मोजणीत निऑन कमी भरतायत. आधी मांजरावर आळ आला, मग टाकीचं झाकण घट्ट केलं, मग शेजारच्या पोराला दटावलं. टाकीत ना मेलेला मासा, ना काटा, ना खवला. एंजल मात्र दिवसेंदिवस गुटगुटीत. त्याचं तोंड मिटलेलं असताना इवलंसं दिसतं, पण उघडतं तेव्हा पुढं निघतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतं, आणि हे उद्योग अंधारात, निऑन पेंगुळलेले असताना चालतात. निऑनही ॲमेझॉन खोऱ्यातलाच, मग जमायला काय हरकत, असं दुकानदार सांगतो. अरे बाबा, नवरा-नवरी एका गावची म्हणून पत्रिका जुळत नसते. तिकडं तर असलीच बारकी मासळी ह्याच्या पोटात जाते!

म्हणून पहिला नियम तोंडाचा: पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात मावेल असा सोयरा नको. दुसरा नियम त्याच्या उलट, म्हणजे एंजलला छळणारा नको. टायगर बार्ब दिसायला झकास, पण स्वभाव उनाड पोराचा. एंजलच्या पोटाखाली जे दोन लांब दोऱ्यांसारखे पंख लोंबतात ते बघून त्याला राहवत नाही, आणि दोन दिवसांत त्यांच्या चिंध्या करतो. काळा विडो टेट्राही त्याच चालीचा, फार तर थोडा सभ्य. ऑस्कर आणला तर तो खुद्द एंजललाच गिळायला बघेल. गोल्डफिशचं तर बोलूच नका: त्याला गार पाणी हवं, ह्याला गरम, आणि वर तो घाण करणार दोन माशांची; तरी दर दुकानात ही जोडी एकाच टाकीत खपवतात.

मग जमतं कुणाशी? तळाशी गाळ हुंगत फिरणारा कोरिडोरास घ्या, पण एकटा-दुकटा नको, पाच-सहा घ्या, तो कळपात खुलतो. त्याचं राज्य खाली, एंजलचं मधे, बांधाला बांध लागत नाही. पर्ल गौरामी शांत आणि अंगानं बेताचा. आणि आपल्या पिंपळगावच्या पाण्याला खास सोयीचे म्हणजे मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल. का, तर आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी जड. तुमच्या आजीला विचारा, पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर कसा धरतो ते. ह्या तिघांना तसलंच पाणी मानवतं, आणि एंजल मूळचा मऊ पाण्याचा असला तरी टाक्यांत वाढलेल्या पिढ्यांनी जड पाण्याशी जमवून घेतलंय. मॉलीची पिल्लं मात्र एंजल फस्त करणार, हे धरूनच चाला.

पाण्यावरून आठवलं. द्राक्षाच्या गावात मासा पाळायचा तर एक धोका असा आहे, जो मासे पाळण्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, तो म्हणजे द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाची बादली. त्या बोर्डोची जन्मकथाही गमतीची आहे. तिकडं फ्रान्सात बोर्डोजवळचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, कशासाठी, तर जाता-येता द्राक्षं तोडणाऱ्यांना ती विषारी दिसावीत म्हणून! १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं की आतल्या बागेची पानं रोगानं गळालीत आणि रस्त्याकडेची तेवढी हिरवीगार. १८८५ पर्यंत त्यानं त्याचं रीतसर औषध करून जगाला दिलं. चोरांसाठी केलेल्या सोंगानं जगभरातल्या द्राक्षबागा वाचवल्या. पण मोरचुदातलं तांबं माशाच्या कल्ल्यांना जाळतं. शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद, हे एक टक्क्याचं मिश्रण ज्या बादलीत कालवलं, ती दहा वेळा धुतली तरी तिनं टाकीत पाणी भरू नका. माशाची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहून ठेवा. तसंच घराला लागून बाग असेल आणि कीटकनाशकाची फवारणी चाललेली असेल, तर टाकी झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

आता एंजलची एंजलशी सोयरीक. नर कोण, मादी कोण, हे वरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, दुकानदारालाही कळत नाही. पाच-सहा पिल्लं एकदम आणा आणि त्यांची ती ठरवू द्या. आधी तोंडाला तोंड भिडवून ओढाताणी होतात, मग एक दिवस दोघं मिळून बाकीच्यांना कोपऱ्यात पिटाळतात, तेव्हा समजायचं ठरलं. बाकीच्यांना दुसऱ्या टाकीत हलवा, आणि मग टाकीसमोर खुर्ची टाकून बसा. दोघं एक रुंद, उभं पान निवडून तोंडानं घासून घासून लख्ख करतात. मादी खालून वर सरकत अंड्यांची ओळ चिकटवते, नर मागोमाग. मग आळीपाळीनं बाजूच्या पंखांनी पाणी हलवत राहायचं, आणि बुरशी येऊन पांढरं पडलेलं अंडं हळूच टिपून काढायचं. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लांना पोहता येत नसतं. डोक्याला चिकट धागा, त्यानं पानाला लटकायचं आणि शेपूट वळवळवायचं. एखादं सुटून खाली पडू लागलं की आई नाहीतर बाप झेप घेऊन ते तोंडात घेतो, आणि मला सगळ्यात नवल ह्याचंच वाटतं, की ज्या तोंडानं निऑन गिळले त्याच तोंडानं तो ते पिल्लू अलगद परत पानावर चिकटवतो! अर्थात पहिलटकर जोडपं कधी कधी घाबरून सगळी अंडी खाऊनही टाकतं. रागावू नका, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा घालतात.

जाता जाता सकर माशाचं सांगतो. काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार बोटभर सकर गळ्यात मारतो; तो वर्षा-दोन वर्षांत फूटभर होतो, आणि रात्री एंजलच्या सपाट कुशीला चिकटून अंगावरचा चिकटा खरवडतो. मग लोक कंटाळून त्याला कादवा नदीत नाहीतर शेततळ्यात सोडून येतात, पुण्य केल्यासारखे. देशातल्या किती तरी नद्या-तलावांत तो असाच शिरलाय, काटेरी अंगानं कोळ्यांची जाळी फाडतोय आणि इथल्या माशांच्या तोंडचा घास काढतोय. आपली कादवा पुढं गोदावरीला मिळते ती नांदूर मध्यमेश्वरला, जिथं दर हिवाळ्यात देशोदेशीचे पक्षी उतरतात आणि ज्याला २०२० साली राज्यातली पहिली रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला. तेव्हा घरातला कुठलाही मासा नको झाला तर दुकानदाराला फुकट परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका.